पांढरीची माणसं

हुशार मुलांना शिकवणं सोपं असतं, असं ज्यांना वाटतं त्यांच्या वर्गात कधी हुशार मूल बसलेलं नसतं. अभिमन मास्तरांच्याही वर्गात तोवर बसलेलं नव्हतं. निदान त्यांच्या लक्षात आलेलं नव्हतं. ते बेताच्या मुलांत रमलेले होते. बेताची मुलं फार सोयीची. सांगाल तेवढंच करतात, पुष्कळदा तेवढंही करत नाहीत, आणि त्यामुळे गावाला काही धोका पोचत नाही.

पण चोपन्न साली मास्तर धुळ्याला ट्रेनिंगला गेले आणि जत्रेहून माणूस पडसं घेऊन येतो तसे तिथून प्रकल्प पद्धती घेऊन आले. या पद्धतीत धडा शिकवायचा नसतो. मुलांनी एखादं मोठं काम अंगावर घ्यायचं आणि त्यातून गणित, भूगोल, नागरिकशास्त्र वगैरे मंडळी आपापल्या पायांनी चालत यायची. धुळ्याच्या प्राचार्यांनी निरोपाच्या वेळी मास्तरांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, की सातवीतली चारदोन खरोखर हुशार मुलं निवडा, एक प्रकल्प तडीस न्या, शाळा तपासणारे दिपोटी साहेब येऊन बघतील, आणि त्यांनी बरं लिहिलं तर आमच्या सराव-शाळेत तुमची जागा धरा. मास्तर हिंगवदच्या एस. टी.तून उतरले तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे बोरी नदी नव्हतीच, धुळ्याची पांझरा होती.

त्याला कारणही होतं. धुळं म्हणजे सुनंदाबाईंचं, म्हणजे मास्तरांच्या पत्नीचं, माहेर. 'पुढच्या वर्षी धुळं' हे वाक्य ती लग्न झाल्यापासून ऐकत आली होती. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिचा भाकरी थापणारा हात थांबला होता. आता ती थापता थापताच "हं" म्हणायची, आणि मास्तरांना ते "हं" एखाद्या शेऱ्यासारखं लागायचं. या खेपेला तिचा हात थांबवायचाच, असा त्यांनी निश्चय केला.

हेडमास्तर तोताराम गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मास्तर, मुलांना टकली द्या. सूत कातू द्या. टकलीबद्दल आजवर कुणाची तक्रार आलेली नाही." तोताराम गुरुजींचं सगळं शिक्षणशास्त्र या एका वाक्यात सामावलेलं होतं. ते मास्तरांनी वेळीच ऐकलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती.

हुशार मुलं शोधायला मास्तरांनी सातवीला प्रश्न टाकला: वर न चढता शाळेची उंची कशी मोजाल? सुताराच्या निंबानं सावली मोजायची रीत सांगितली. लखीचंद शेठचा निर्मलकुमार म्हणाला, "ज्या गवंड्यानं बांधली त्याला विचारीन." सुंदर नावाची एक पोरगी आढ्याकडे बघत होती. मग तिनं उलट विचारलं, "गुरुजी, धाब्यावर, छतवर, दरसाल माती चढस. ती मापमा धरनी का सोडी देनी?" मास्तरांना याचं उत्तर येईना, म्हणून त्यांनी तिला निवडलं. पाटलांचा झुलाल म्हणाला, "मना बापले इचारसू," आणि त्यानं खरोखरच विचारलं. संध्याकाळी पाटील स्वतः आले. शाळेची जागा पाटलांच्या आजोबांनी दिलेली होती. त्यामुळे हुशार मुलं एकंदर चार झाली.

प्रकल्प ठरला तो असा: सबंध हिंगवद गाव मातीचं करायचं. घरं, गल्ल्या, विहिरी, जिनिंगची शेड, अमळनेर स्टेशनाकडे जाणारा रस्ता, आणि प्रत्येक घरात जितकी माणसं तितके बाहुले. शाळेला लागून बियाणं ठेवायची एक रिकामी खोली होती, तिच्यात फळ्यांचा मांडव टाकला. भिंतीवर मास्तरांनी खडूनं मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'जसं आहे तसं'. पुढे त्यांना हे पुसून टाकायची फार वेळा इच्छा झाली.

नदीची माती आणली तर ती वाळताच तडकली. दोनदा सगळी गल्ली मोडली. मग निंबानं पांढरीचं नाव काढलं. नदीच्या वळणावर जुन्या गावाची टेकडी होती. गाव केव्हातरी ओस पडलं, घरं बसली, आणि उरली ती पांढरी, चिकट, मऊ माती. सगळं गाव तीच माती आणून दर उन्हाळ्यात धाबी लिंपायचं. मुलांनी पाट्या भरून आणली. ती मळताना हाताला गार लागायची, भर दुपारीसुद्धा, आणि सुंदर म्हणाली की ती आपण होऊन गोळा होते. मास्तरांनी याचं कारण चिकणमातीचे गुणधर्म म्हणून फळ्यावर लिहून दिलं.

शाळेसमोरच्या दगडावर उखर्डू आबा बसलेले असायचे. गावातला सर्वांत म्हातारा माणूस. त्यांनी पाट्या पाहिल्या आणि मास्तरांना हाक मारली. "मास्तर, या मातीनं धाबं लिंपा, चूल करा, काही व्हत नही. पन मानसं नका करू. ती पांढरी शे. तिले आपली मानसं वळखू येतस."

"आबा, माती ती माती," मास्तर म्हणाले, आणि सिलिकाबद्दल दोन शब्द बोलले. आबांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. म्हाताऱ्या माणसांना मास्तर लोकांची सवय असते.

गाव आकाराला आलं आणि खऱ्या गावाला त्याचा पत्ता लागला. मग काय विचारता! पहिल्यांदा पाटील आले आणि खाली बसून, एक डोळा मिटून म्हणाले, "मना ओटा चावडीपेक्षा बोटभर उंच शे." ओटा उंच केला, तर चावडीवाले आले. लखीचंद शेठना त्यांचं दुकान बारीक वाटलं, आणि आत स्वतः न बसता नोकर बसलेला दाखवला म्हणून ते दोन दिवस मास्तरांशी बोलले नाहीत. दोन भाऊबंद बांधाचा वाद घेऊन आले आणि सुतळीनं मातीचा बांध मोजून निकाल मागू लागले. एका सासूनं आपल्या सुनेचा बाहुला आपल्यापेक्षा ठेंगणा करून घेतला. कोपऱ्यात कुणीतरी हळदकुंकू टाकून गेलं.

तलाठ्यांचं म्हणणं कायद्याचं होतं. हा नकाशा असेल तर मोजणी खात्याची परवानगी कुठे आहे? नकाशा नसून मूर्ती असतील तर सरकारी खोलीत मूर्ती कशा? आणि खेळणी असतील, तर सातवीच्या मुलांना खेळणी कोणत्या नियमानं? तालुक्याला विचारणा गेली. तिथून उत्तर आलं, की विषय कोणत्या खात्याचा ते आधी कळवावं, म्हणजे ते खातं नाही म्हणून कळवेल. मास्तरांनी तो कागद घडी करून खिडकीच्या फटीत घातला, कारण तिथून वारा येत होता.

या सगळ्यात मास्तरांच्या मनाला एकच गोष्ट लागली, आणि ती त्यांना कुणाला सांगताही येईना. गावात त्यांचं घर होतं. हुबेहूब होतं, ओट्यावरचा तुळशीचा डबासुद्धा होता. पण घरात माणूस नव्हतं.

"सुंदर, हे घर रिकामं का?"

"आबा म्हणतस, तुम्ही पांढरीना मानूस नही. बदलीना मानूस शेतस," सुंदर म्हणाली. तिच्या स्वरात खोडसाळपणा नव्हता, त्यामुळे रागावायचीही सोय नव्हती. आणि भिंतीवर 'जसं आहे तसं' लिहिलेलं होतं. मास्तरांनी या गावात किती पोरांचे हात धरून श्री गिरवून घेतलं होतं! त्यांनी चष्मा पुसला आणि "बरोबर आहे" म्हणाले. त्या दिवशी घरी त्यांनी विनाकारण आमटी खारट आहे म्हणून सांगितलं.

त्याच तिरीमिरीत दुसरी गोष्ट घडली. रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी मास्तर प्रकल्प तपासत होते. पोरांच्या हातांचा रंग अजून गेला नव्हता, त्यामुळे नव्या बाहुल्यांवर गुलाबी बोटं उमटलेली होती. बेबाबाईच्या घरापाशी मास्तर थांबले. बेबाबाई ही एकटी राहणारी बाई. लोकांच्या शेतात कापूस वेचायची. तिचा मुलगा जीवराम बापाशी भांडून घरातून निघून गेला होता. पुढे बाप गेला, तरी पोराचा पत्ता नव्हता. कुणी म्हणायचं भुसावळला रेल्वेत आहे, कुणी म्हणायचं तो गेलाच. पण तिच्या मातीच्या दारात दोन बाहुले उभे होते.

"हा दुसरा कोण?"

"जीवराम," सुंदर म्हणाली. "तुम्हीच सांगं ना गुरुजी, घरमा कितला मानसं ते घरवाल्याले इचारा. मी इचारं. बेबामाय म्हने, दोन."

"पण तो इथं नाही."

"मीबी तेच म्हनं. त ती म्हने, तो शे. कोठे शे ते माले माहीत नही, पन शे."

ज्याला स्वतःच्या घरातून वगळलेलं असतं त्याला दुसऱ्याच्या घरातलं जास्तीचं माणूस खपत नाही. मास्तरांनी जीवरामला बखोटीला धरून उचललं. कोवळी माती. पाय दारातच राहिला आणि जीवराम वर आला.

सुंदरचे डोळे भरले. मास्तरांना एकदम कानकोंडं झालं, आणि कानकोंडं झालेला मास्तर तडजोडीला फार लवकर येतो. ते म्हणाले, "रडू नकोस. तो गावात नाही, बाहेर आहे, तर बाहेर ठेव. अमळनेरच्या रस्त्यावर, फळीच्या अगदी कडेला. हेसुद्धा जसं आहे तसंच झालं." तुटलेला पाय चिकटेना, म्हणून निंबानं त्या जागी बाभळीचा काटा खोचला. जीवराम एका पायावर आणि एका काट्यावर, गावाकडे तोंड करून, फळीच्या टोकाला उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी तो फरशीपुलापाशी होता. नाल्यावरच्या फरशीच्या अलीकडे, म्हणजे कडेपासून चांगला वीतभर आत.

मास्तरांनी चौघांना ओळीनं उभं केलं. चौघंही नाही म्हणाले. हुशार मुलांचं खोटं बोलणं मास्तरांना ओळखू आलं असतं की नाही कोण जाणे; पण झुलालही नाही म्हणाला, आणि झुलालला खोटं बोलायला त्याच्या बापाला विचारावं लागलं असतं. मास्तरांनी खोलीला कुलूप घालायला लावलं. किल्ली तोताराम गुरुजींच्या करगोट्याला बांधली, जिथून ती काढायला खुद्द गुरुजींनाही प्रयास पडत. पंधरा दिवसांनी खोली उघडली तेव्हा जीवराम जिनिंगच्या शेडजवळ होता.

बातमी गावभर झाली आणि सल्ल्यांना ऊत आला. लखीचंद शेठ म्हणाले, दिवा लावा. पाटील म्हणाले, दोरीनं बांधून घाला. तलाठ्यांनी, बाहेरून येणाऱ्या इसमाची वर्दी पोलीसपाटलाकडे द्यायला हवी, असं मत दिलं आणि ते फारसं हसले नाहीत. तोताराम गुरुजी म्हणाले, "मी टकली सांगत होतो." मग ते आवाज उतरवून म्हणाले, "मोडून टाका ना सगळं." पण मोडायचं कोणी? सबंध गाव तिथे उभं होतं. पाटलांच्या बाहुल्यावर फावडं कोण घालणार? एकजण म्हणाला, गुलाबाईचं करतो तसं विसर्जन करा नदीत. त्यावर त्याचीच बायको म्हणाली, "जितं मानूस कसं विसर्जन करतस? तुमनंच तोंड पहिलं जाई पानीमा." सभा तिथेच आटोपली.

मास्तर विज्ञानवादी होते. त्यांनी सुनंदाबाईंची पिठाची चाळणी गुपचूप उचलली आणि मातीच्या रस्त्यावर वेशीपर्यंत चुलीची राख अगदी पातळ चाळली. मांजर असेल तर पंजे उमटतील, उंदीर असेल तर नखं, आणि पोरं असतील तर बोटं. खिडकी लावली, कुलूप घातलं, गुरुजींनी हुंकार देत किल्ली बांधली.

सकाळी राखेवर पंजे नव्हते आणि बोटंही नव्हती. जिनिंगपासून वेशीपर्यंत बारीक खुणांची एक रांग होती. एक तिळाएवढा ठसा, मग एक टोचल्यासारखा ठिपका. पुन्हा ठसा, पुन्हा ठिपका. वेशीत रांग संपत होती आणि तिथे जीवराम उभा होता. वाटेत एका ठिकाणी, चिंचेच्या झाडाखाली, राख जरा जास्त विसकटलेली होती. तिथे तो टेकला असावा, असं निर्मलकुमार म्हणाला आणि त्यानं लगेच तोंडावर हात ठेवला.

"गुरुजी," निंबा हळूच म्हणाला, "आम्हाला वाटत होतं तुम्हीच सरकवता. प्रकल्पाचा भाग म्हणून."

मास्तरांना खिडकीबाहेरून कुणीतरी बघतंय असं वाटलं. बेबाबाई होती. ती रोज कामावर जाताना तिथे थांबायची, आत यायची नाही. आज तिच्या हातांना शेण लागलेलं होतं. घर सारवून ती आली होती. "वेशीमा उना ना?" तिनं विचारलं. मास्तरांनी मान डोलावली. ती काही न बोलता घाईनं निघून गेली, घरात पाहुणा यायचा असल्यावर बाईमाणूस जातं तशी. मास्तर राखेकडे बघत उभे राहिले. त्यांना भीती वाटत होती, आणि आपल्याला भीती वाटते याचीच त्यांना जास्त लाज वाटत होती. चाळणीबद्दल घरी जे बोलणं झालं ते वेगळंच.

आणि अशा मुहूर्तावर दिपोटी साहेबांचं येण्याचं पत्र आलं.

पत्रानंतर आठवड्यानं दिपोटी साहेब जीपमधून उतरले. त्यांची हॅट, त्यांचा शिपाई, त्यांचा घाम पुसायचा रुमाल, सगळं धुळ्याच्या बाजूचं दिसत होतं. सकाळीच मास्तरांनी पाहिलं होतं, जीवराम वेशीतून आत आला होता आणि बेबाबाईच्या गल्लीच्या तोंडाशी पोचला होता. ते त्याला उचलून खिशात घालणार होते. एका दिवसाचा तर प्रश्न. त्यांनी हात पुढेही केला होता, पण काट्याकडे लक्ष गेलं आणि त्यांनी त्याऐवजी उगाच चिंचेचं झाड सरळ केलं.

साहेब खूश झाले. अगदी मनापासून खूश झाले. त्यांनी निंबाला विहिरीचं माप विचारलं, निर्मलकुमारला बाजाराच्या दिवशी किती गाड्या येतात ते विचारलं, सुंदरला धाब्याचा उतार विचारला. पोरं अशी उत्तरं देत होती की ऐकत राहावं. झुलालला पाटलांचा ओटा विचारला. तो त्यानं बोटभर उंच सांगितला. साहेब भिंतीवरचं 'जसं आहे तसं' वाचून म्हणाले, "वा! हे वाक्य मी धुळ्याला सांगेन. मास्तर, तुमची जागा इथं नाही." भाकरीवर थांबलेला सुनंदाबाईंचा हात मास्तरांना स्पष्ट दिसला.

तेवढ्यात साहेब वाकले. "हा लंगडा कोण गल्लीत मधोमध उभा केलाय?"

"जीवराम," सुंदर म्हणाली. "भुसावयले राहस."

"म्हणजे गावात नाही?"

"ई राह्यना."

साहेबांना खानदेशी कळत होतं. येतोय म्हणजे आलेला नाही, एवढंही कळत होतं. "मास्तर, ही चूक आहे. छोटी आहे, पण अशा कामात एक चूक म्हणजे सगळ्यावर पाणी. काढून टाका तो, म्हणजे मी निर्वेध लिहू शकेन."

खिडकीत बेबाबाई उभी होती. तिनं धुवट लुगडं नेसलं होतं. ती विनवत नव्हती, हात जोडत नव्हती, नुसती मास्तरांच्या हाताकडे बघत होती. मास्तरांचा या सगळ्यावर विश्वास बसला होता का? तर नाही. कुणी शपथ घालून विचारलं असतं तरी त्यांनी नाहीच म्हटलं असतं. पण हात काही उचलेना.

"साहेब, तो राहू दे," ते म्हणाले.

"राहू दे? अहो, मी काढतो," असं म्हणून साहेबांनी दोन बोटं पुढे केली, आणि जन्मात कधी वरिष्ठाच्या पुढून चाललेले नव्हते त्या अभिमन मास्तरांनी दिपोटी साहेबांचं मनगट गच्च धरलं. शिपाई दचकला. तोताराम गुरुजींनी डोळे मिटले.

"हात लावू नका," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला होता. "एकदा मी उचललाय त्याला. पाय मोडलाय त्याचा."

साहेबांनी मनगट सोडवून घेतलं, हॅट घातली आणि जीपमध्ये बसून शेरा लिहिला: मुले अत्यंत हुशार. शिक्षक अंधश्रद्धाळू. बदलीची शिफारस करता येत नाही. चहासुद्धा न घेता जीप गेली. तोताराम गुरुजी रस्त्याकडे बघत म्हणाले, "मी तर पहिल्यापासून..." पण मास्तरांचं तोंड बघून त्यांनी टकलीचं नाव काढलं नाही. त्यांच्या नोकरीतला हा बहुधा सर्वांत थोर क्षण असावा.

घरी मास्तरांनी सगळं सांगितलं. सुनंदाबाई भाकरी थापत होती. "म्हणजे धुळं नाही," मास्तर म्हणाले. तिनं "हं" म्हटलं. हात थांबला नाही. पण या "हं"मध्ये शेरा नव्हता. काय होतं ते मास्तरांना त्या वेळी कळलं नाही. ते फार खचलेले होते.

दिवेलागणीला गल्लीत गलका झाला. अमळनेर स्टेशनाहून आलेली बैलगाडी वेशीत थांबली होती. तिच्यातून एक माणूस उतरला होता आणि चालत येत होता. मास्तर ओट्यावर आले. त्यांना आधी आवाज ऐकू आला. एक पाऊल, मग मातीत काठी टोचल्याचा आवाज. पुन्हा पाऊल, पुन्हा काठी. गल्लीतली माणसं बाजूला झाली होती. ती चाल सगळ्यांनी राखेत पाहिलेली किंवा ऐकलेली होती.

बेबाबाईच्या ओट्यावर अर्धं गाव जमलं. जीवरामच्या काखेत कुबडी होती आणि डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. मास्तर मागे उभे होते. कुणीतरी त्यांना पुढे बसवलं, हातात गुळाच्या चहाची वाटी दिली. काय झालं, असं लोकांनी विचारलं, तेव्हा जीवराम म्हणाला, "भुसावयले यार्डमा होतू. रंगपंचमीना दुसरा दिन. गाडी उभी होती. कोनी धक्का दिधा नही, मी घसरनू नही. कोनीतरी बखोटं धरीसन उचलं आनि सोडी दिधं, तसं वाटनं. रेल्वेना रुयमा पडनू तवय गाडी हालनी. काम गयं. मंग म्हनं, आते कोठे जावानं? मायकडे जाऊ."

मास्तरांनी वाटी खाली ठेवली. त्यांना रडू आलं, आणि इतक्या माणसांत मास्तरानं रडू नये हेही त्यांना सुचलं नाही. ते म्हणाले, "बेबाबाई, तो पाय..."

"माले माहीत शे," बेबाबाई म्हणाली. ती लेकाच्या ताटात दूध ओतत होती. "सुंदरनी तवयच सांगं. पन मास्तर, तो दोन पायवर उभा ऱ्हाता, त घर कसाले येता?" तिनं साखर शोधली, ती नव्हती, म्हणून गुळाचा खडा कुस्करला. "तुम्हीच त्याले रस्तावर ठेवं. आते चहा प्या. थंडा व्हई ऱ्हायना."

मास्तरांनी चहा प्यायला. आपल्याला माफी मिळाली की शिक्षा, याचा त्यांना घोटभरही उलगडा झाला नाही.

दुसऱ्या दिवशी तोताराम गुरुजींनी करगोट्याची किल्ली सोडली आणि मास्तरांनी मुलांना घेऊन खोली उघडली. गल्लीत जीवराम नव्हता. निंबानं बेबाबाईच्या घराचं धाबं अलगद उचललं. जीवराम चुलीपाशी होता, आईच्या शेजारी. निंबानं धाबं परत ठेवलं, दार लावून घ्यावं तसं.

"गुरुजी," सुंदर म्हणाली. ती मास्तरांच्या मातीच्या घराकडे बघत होती.

रिकाम्या घराच्या ओट्यावर बाहुले होते. एकाच्या काखेत छत्री होती, मास्तर वापरतात तशी, एक काडी वाकलेली. शेजारी बाईमाणूस, पदर खोचलेलं. माती ओली होती. मास्तरांनी मुलांकडे पाहिलं. चौघांनी न सांगता हात पुढे केले. कोरडे, स्वच्छ हात. झुलाल रडायच्या बेतात होता.

मास्तर खाली बसले आणि त्यांनी चष्मा नाकावर नीट केला. दोन बाहुल्यांच्या मध्ये, बाईच्या पदराला लागून, तिसरा होता. भुईमुगाच्या दाण्याएवढा.

ते बाहेर आले तेव्हा उखर्डू आबा दगडावर बसलेले होते. आबांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं, मग शाळेच्या बाजूच्या त्या खोलीकडे पाहिलं. "वळखं वाटतं पांढरीनी," ते म्हणाले आणि त्यांनी सरकून दगडावर मास्तरांना जागा करून दिली. मास्तर बसले नाहीत. वर्ग तसाच टाकून ते घरी निघाले. अशी गोष्ट त्यांनी आजवर कधी केली नव्हती.

सुनंदाबाई चुलीपुढे होती. परातीत पीठ होतं, तव्यावर एक भाकरी फुगत होती, दुसरी तिच्या हाताखाली फिरत होती. मास्तर दारातच उभे राहिले.

"अगं," ते म्हणाले, "आपल्या घरात माणसं किती?"

भाकरीवरचा हात थांबला. तिनं मान वर केली नाही. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या.

"अहो, मी धुळ्याचं ठरल्यावर सांगणार होते," ती म्हणाली. "तुम्हांला कोणी सांगितलं?"

मास्तरांनी आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं आणि ते हळूच पाठीमागे नेऊन धरून ठेवले.